दादाचं जॅकेट

डबा ऐसपैस खेळताना आम्हा भावांची एक लबाडी ठरलेली होती. लपताना शर्ट बदलायचे. राज्य असलेल्याने कपडे बघून चुकीचं नाव पुकारलं, की अंडं फुटलं. त्याच्यावर पुन्हा राज्य. दादाने हा खेळ एर्लांगेनच्या आमच्या गल्लीतही आणला. टोमॅटोचा रिकामा डबा घेऊन त्याने शेजारची जर्मन पोरं तयार केली, ‘अंडं फुटलं’ ओरडण्यासकट.

तो जानेवारीत गेला. एप्रिलमध्ये त्याच्या मुलीने हट्ट केला म्हणून मी खेळायला खाली उतरलो. “भावजी, गारठा आहे,” म्हणत वहिनीने त्याचं जॅकेट पुढे केलं. मीही बिनडोकासारखं ते अंगात घातलं आणि एका गाडीमागे लपलो. राज्य पुतणीवरच होतं. तिला फक्त माझी बाही दिसली.

“बाबा!” केवढी खूश होऊन ओरडली ती.

मी उभा राहिलो. खेळाच्या भरात पोरं नाचत बाहेर आली. “अंडं फुटलं! अंडं फुटलं!” दादाने शिकवलं होतं अगदी तसंच.

एरवी राज्य आलं की भांडणारी ती पोर भिंतीकडे तोंड करून पुन्हा आकडे मोजू लागली.