आक्कांची पांढरी वाईन

आक्कांच्या खिडकीशी कुणी बाटली मागितली, की त्या आधी विचारायच्या, "जेवलास का?" नाही म्हणणाऱ्याला बाटली मिळायची नाही. "उपाशीपोटी पिणाऱ्याला माझी वाईन न्हाई," असं तोंडावर सांगायच्या आणि वर मूठभर शेंगदाणे त्याच्या हातावर ठेवायच्या. गिऱ्हाइकाशी असं वागून धंदा करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

आक्कांना जाऊन आता दोन वर्षं झाली. शिरूर तालुक्यातल्या त्यांच्या गावात मी शाळेवर शिक्षिका होते आणि त्यांच्या शेजारीच खोली घेऊन राहत होते. भोवती सगळा ऊस. मधेच आक्का आणि त्यांच्या मालकांची दोन एकर द्राक्षबाग, कडेला पत्र्याची शेड, आत स्टीलच्या दोन टाक्या आणि रस्त्याच्या अंगाला विक्रीची खिडकी. वाईन एकच, पांढरी. बुचाची ऐट नाही, साधं फिरवायचं झाकण. दर असा, की शिक्रापूरच्या कंपन्यांतली पोरंही पगार झाला की एखादी बाटली न्यायची. "निस्त्या सायबानंच प्यावी, आसं द्राक्षाला कुठं ठावं हाय?" आक्का म्हणायच्या.

मला पहिल्यांदा त्यांनीच चाखवली. रविवारची दुपार, स्टीलचं फुलपात्र, सोबत पिठलं-भाकरी. मी भीतभीतच घोट घेतला. गार, आंबटसर, मागाहून पेरूचा वास. "आईला कळलं तर घरात घेणार नाही मला," मी म्हटलं. "मंग माझ्याकडं या की ऱ्हायला," म्हणून त्या खदखदून हसल्या. परक्या गावात एकटी होते मी. त्या रविवारांनीच मला तारलं.

मग गावात दारूबंदीचं मतदान लागलं. देशीच्या दुकानापायी घरं बसली होती; बायकांनीच अर्ज केला होता. कागदावर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे विक्री राहू दे, आडवी म्हणजे बंद. अधिकाऱ्यांनी आधीच सांगितलं होतं, आडवी जिंकली तर आक्कांची खिडकीही बंद होणार. त्यांचा सगळा माल त्याच खिडकीतून खपायचा. खिडकी गेली की बाग गेली.

रांगेत आक्का माझ्या पुढे होत्या. द्राक्षतोडणीला येणाऱ्या बायका मागे माना खाली घालून उभ्या. आक्कांच्या हाताखाली राबायचं आणि त्यांच्याच पोटावर शिक्का मारायचा, या विचाराने ओशाळल्या होत्या. आक्का वळल्या. "माना वर करा गं! म्या आडवीवर मारणार हाय. आन् तुमीबी तिथंच मारा."

"ओ मावशी, मतदान गुप्त असतं!" टेबलावरचे साहेब ओरडले.

"माझीच बाटली आडवी करतीय, साहेब. गुपित कशाला?"

आडवी जिंकली. देशीचं दुकान उठलं, आक्कांच्या खिडकीला फळी बसली. वाईनची ती बारीक, बियांची द्राक्षं बाजारात कोण खायला घेणार? वर्षभरात वेली उपटल्या आणि तिथेही ऊस लागला. वेली उपटल्या त्या दिवशी आक्का दिवसभर घराबाहेर आल्या नाहीत.

माझी बदली झाली, तेव्हा निरोप घेताना मला राहवलं नाही. "आक्का, मी उभीवर शिक्का मारला होता. तुमच्यासाठी."

वाटलं, गहिवरतील. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि हळूच थोपटला. "आवं बाई, तुमच्या घरात कुणी पिऊन येत न्हाई. म्हणून जमलं तुमाला."

रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या तोडणीच्या बायकांची पोरं माझ्याच वर्गात होती. सकाळी पेंगतात म्हणून मी त्यांना बाकावर उभी करायचे. रात्री झोप का झाली नाही, हे मी एकालाही कधी विचारलं नव्हतं.