पद्माकाकूंचं ऊन

हैदराबादच्या मलकपेठेत घर बघायला गेले तेव्हा पद्माकाकूंनी भाडं, पाणी, पाहुणे यातला कुठलाच विषय काढला नाही. आधी भिंतीवरचा एक डबा दाखवला. हिरवा दिवा, छोटा पडदा, त्यावर आकडे. "हा चार्ज कंट्रोलर. ह्याला हात लावायचा नाही. बाकी घर तुमचंच समजा." मी पुण्याची, आयटीतली, घरमालकांच्या अटी पुष्कळ ऐकलेल्या, पण ही नवीन होती. बाई विक्षिप्त दिसतात, असं मनात म्हटलं. त्यांच्या पुढच्या दोन खोल्यांत मी अजूनही राहते आणि ते मत बदललेलं नाही. फक्त तो विक्षिप्तपणा मला आवडायला लागला.

काकूंचं सासर मूळचं नांदेडकडचं, शेतकरी. आजेसासरे निजामाच्या अमदानीत हैदराबादेत आले आणि इथलेच झाले. सासऱ्यांनी बांधलेलं घर दोन मुलांत अर्धं अर्धं झालं, पण विजेचं मीटर एकच राहिलं आणि ते धाकट्या दिराच्या, भगवंतरावांच्या, व्हरांड्यात होतं. काकूंचे यजमान गेले तेव्हा मुलगा संदेश शाळेत होता. वहिनींनी आपला भाग मिळेल त्या किमतीला द्यावा आणि माहेरी जावं, असं भगवंतरावांनी ठरवलं. वहिनींनी तसं ठरवलं नव्हतं.

तेव्हापासून एक पद्धत पडली. भांडण झालं की काकूंच्या बाजूचा फ्यूज निघायचा. विचारायला गेलं की भगवंतराव सुपारी कातरत म्हणायचे, "उडाला असेल वहिनी. बघतो उद्या." काकू फॉल-पिकोचं काम करायच्या, मोटारीचं मशीन जागच्या जागी थांबायचं, आणि बायका साड्या परत घेऊन जायच्या. संदेशच्या दहावीच्या परीक्षेतसुद्धा फ्यूज उडाला. वेगळं मीटर मागितलं तर कागदावर दिराची सही लागत होती. ती कोण देणार?

काकूंनी पाटल्या मोडल्या. कोटी बाजारातल्या एका दुकानातून दोन पॅनेल, एक बॅटरी आणि तो डबा आणला. गल्लीत तेव्हा कुणी सोलर पाहिलंही नव्हतं. लोक गच्चीवर चढून बघून जायचे आणि खाली येऊन हसायचे. पुढच्या भांडणात फ्यूज निघाला, आणि भिंतीपलीकडे शिलाई मशीन चालूच राहिलं. भगवंतराव म्हणे बाहेर येऊन विजेच्या खांबाकडे बघत उभे होते. ही गोष्ट काकूंनी मला इतक्यांदा सांगितली आहे की मीच तिथे हजर होते असं मला वाटतं.

त्या डब्याचं काम साधं. ऊन चढलं की पॅनेल भरमसाट वीज देतात, तेव्हा बॅटरीला 'बस' म्हणायचं. बॅटरी रिकामी होत आली की घराला 'थांबा' म्हणायचं. काकू म्हणायच्या, "कधी घ्यायचं आणि कुठं थांबायचं हे ह्या घरात त्याला एकट्याला कळतं."

आता दिवस फिरलेत. मलकपेठेत कुठल्याही गच्चीवर जा, निळ्या काचा दिसतात. सरकार सबसिडी देतं, बँका कर्ज देतात, हसणारे लोक आता जाहिराती पाठवतात. काकूंचेही दोनाचे चार पॅनेल झाले. आणि नेमकं तेव्हाच भगवंतरावांनी आपला दक्षिणेकडचा भाग विक्रम नावाच्या बिल्डरला दिला. बदल्यात चौथ्या मजल्यावर फ्लॅट.

तिसरा स्लॅब पडला, त्याची सावली आमच्या पॅनेलवर आली आणि डब्यावरचा आकडा भर दुपारी खाली आला. काकू खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसल्या. "फ्यूज काढून झाले," त्या म्हणाल्या, "आता ऊन काढायलेत."

विक्रमला वाटत होतं, म्हातारी आज ना उद्या विकेल. पण रस्त्यापासून आत येणारा बोळ काकूंच्या वाटणीत होता. सिमेंट, सळया त्याने मागच्या फटीतून माणसांच्या डोक्यावरून नेल्या. गिऱ्हाइकांच्या मोटारी डोक्यावरून नेता येत नाहीत. बोळ वापरायला काकूंची सही हवी होती.

तो मिठाई घेऊन आला. "अम्मा, तुमारा घर भी देदेव, दो फ्लॅट लेलेव. कायकू परेशान होरें?"

संदेशचा बंगलोरहून फोन, घेऊन टाक आई. मीसुद्धा म्हटलं, काकू, लिफ्ट आहे, विचार करा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू फ्यूज मीच काढला होता. "तू पण त्यांचंच म्हणायलीस?" मला लाज वाटली आणि रागही आला, भाड्याच्या घरातल्या माणसाने मत देऊच नये.

मग त्या विक्रमकडे वळल्या. "फ्लॅट नक्को. तुमारी बिल्डिंग का साया मेरे घर पो गिरता, तो मेरी धूप उप्पर चली गई. उप्परसे मेरेकू वापस देव."

म्हणजे काय, ते त्याला नीट कळेपर्यंत मिठाईवर माश्या बसल्या. काकूंचे चार पॅनेल नव्या बिल्डिंगच्या गच्चीवर लागणार, कायमचे, रजिस्टर कागदावर. तार खाली काकूंच्या घरात. कुलदीप इलेक्ट्रिशियन म्हणाला, एवढ्या लांब तारेत वीज वाटेतच गळेल. पॅनेल एकापुढे एक जोडून विजेचा दाब वाढवावा लागेल, आणि तो दाब पेलणारा नवा कंट्रोलर घ्यावा लागेल. "घ्या ना," काकू म्हणाल्या, "विक्रमसाहेब देतेत." विक्रमने दिला. सहीशिवाय त्याचा एकही फ्लॅट खपत नव्हता.

जोडणीच्या दिवशी काकू पाच मजले चढून गेल्या. लिफ्ट तेव्हा सुरू झाली नव्हती. पॅनेल झकास बसले होते. शेजारी एक खटका, दुरुस्तीच्या वेळी वीज तोडायला, आणि खटक्यावर कुलपाची पेटी.

"किल्ली कुणाकडं?"

"सोसायटीच्या चेअरमनकडे," विक्रमचा माणूस म्हणाला. "भगवंतराव सर."

मी काकूंचा एवढा आवाज कधी ऐकला नव्हता. माझं सगळं आयुष्य त्या माणसाच्या व्हरांड्यात लटकलं होतं, आता गच्चीवर लटकवायलात का, असं त्या मराठीत, दखनीत, तेलुगूत, तिन्ही भाषांत म्हणाल्या. खटका राहू दे. पण किल्ली मिळेपर्यंत सही नाही. संध्याकाळी किल्ली आली. ती त्यांच्या कनवटीला लागली ती आजवर तिथेच आहे.

बिल्डिंग भरली. तिच्याही गच्चीवर पॅनेल लागले, मोठे, सबसिडीवाले, थेट सरकारी लाइनला जोडलेले. बॅटरी नाही. लाइन गेली की असले पॅनेलही आपोआप बंद पडतात, खांबावर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून.

यंदा मे महिन्यात वळवाच्या वाऱ्याने ट्रान्सफॉर्मर उडाला. वारा ओसरून ऊन पडलं, तरी लाइट नाही. जनरेटर फक्त जिन्यातल्या दिव्यांपुरता, लिफ्टही बंद. आमच्याकडे पंखा फिरत होता, काकूंचं मशीन चालू होतं, मी लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होते.

दारात भगवंतराव उभे राहिले. चार मजले उतरून आलेले, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. दम्याचे जुने पेशंट. काखेत औषधाची वाफ घ्यायचं मशीन.

"वहिनी... एक प्लग..."

खरं सांगते, काकूंनी म्हणावं असं मला मनापासून वाटलं: उडाला असेल, बघू उद्या. ते वाक्य माझ्याच ओठांवर आलं होतं.

काकूंनी पायडलवरून पाय काढला. "खुर्चीजवळ आहे. बसा."

भगवंतरावांची पिन सॉकेटात जाईना. मी उठले. काकूंनी मला हातानेच थांबवलं.

"त्यांनाच लावू दे." मग दिराकडे बघून म्हणाल्या, "लावायचा तुम्ही, भाऊजी. काढायचा पण तुम्हीच, पोटभर श्वास घेतल्यावर. ह्या घरात दुसऱ्याची वीज कोणी काढत नाही."

भगवंतरावांनी पिन पुन्हा सॉकेटाला लावली. पिन बसली. मशीन घरघरायला लागलं, आणि काकूंनी साडीचा फॉल पुन्हा सुईखाली घेतला.