दादाने बाटलीवर कोरलेला शब्द

इतवारी बाजारातलं आमचं दुकान भांड्यांवर नावं घालून द्यायचं. लग्नसराईत बाया डबे, तांबे, पराती घेऊन यायच्या आणि दादा हातातल्या कुरकुरणाऱ्या यंत्राने त्यांच्यावर नावं कोरायचा. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. त्याचा हात आणि तोंड बरोबरच चालायचं. नाव कोरून होईपर्यंत नवरी कुठली, नवरा काय करतो, जेवणात काय आहे, सगळं त्याने काढून घेतलेलं असायचं. मी मुखदुर्बळ. तो होता म्हणून माझं निभत होतं.

पुढे आम्ही लेझरचं मशीन घेतलं. सपाट पाट्या, ट्रॉफ्या सहज व्हायच्या. मग रंगीत स्टीलच्या बाटल्यांची मागणी आली, म्हणून बाटली फिरवणारे दोन रोलर आणले. बाटली त्यांच्यावर आडवी ठेवायची. ती हळूहळू फिरते, वरून लेझर चालतो, रंग जळतो आणि आतलं स्टील अक्षर होऊन चमकतं. पण आमची बाटली घसरायची आणि अक्षरं एकमेकांवर चढायची. दादाने सायकलची जुनी ट्यूब कापून रोलरवर चढवली.

"आता पाह्य बरं. काहून घाबरून राहिला एवढा?" तो म्हणाला. बाटली नीट फिरली. मग बुटीबोरीच्या एका कारखान्याचं काम मिळालं, कामगारांची नावं घातलेल्या बाटल्या. दादा प्रत्येक नाव मोठ्याने वाचून मशीन सुरू करायचा.

तंबाखू-सुपारीचा खर्रा त्याच्या तोंडात कायम असायचा. एके दिवशी पाणीपुरीच्या ठेल्यावर त्याच्या तोंडात पुरी जाईना. तो हसला, म्हणाला, "पुऱ्या मोठ्या करून राहिले हे लोक." वहिनी हसली नाही.

तोंडाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये अर्धी जीभ आणि जबड्याचा तुकडा गेला. बरा होऊन तो दुकानात आला तेव्हा गळ्याला रुमाल गुंडाळलेला होता. एक जुनी गिऱ्हाईक बाई डबा घेऊन आली. दादा तिला काहीतरी विचारत होता, बहुतेक नेहमीचंच, लग्न कोणाचं म्हणून. तिला कळेना. तिने माझ्याकडे पाहून हळूच विचारलं, "पिऊन आले का हे?"

त्यानंतर तो गिऱ्हाइकाकडे पाठ करून मशीनजवळच बसायचा. घरीही तेच. तो काही म्हणायचा, आम्ही अंदाज लावायचो, "पाणी? गोळी? पंखा?" आणि तो डोळे मिटून घ्यायचा. वहिनीने पाटी आणून दिली, तर काम असेल तेवढंच लिहायचा.

आजार उलटला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा ऑपरेशन करावं लागेल, आणि खात्री देता येत नाही. त्या संध्याकाळी दादाने पाटीवर लिहिलं, "नको." वहिनीने पदराने ते पुसून टाकलं. "असं नका लिहू जी," म्हणाली. त्याने पुन्हा लिहिलं. तिने पुन्हा पुसलं. मी तिथेच बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकानात आला. काळ्या रंगाची एक बाटली घेतली, रोलरवर ठेवली, कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप केलं. मला वाटलं, जीव रमवतो आहे बिचारा. मी गिऱ्हाइकात होतो. मशीन थांबलं, तेव्हा त्याने बाटली कापडाने पुसली आणि माझ्या हातात दिली. अजून कोमट होती. तिच्यावर मोठ्या अक्षरांत होतं, "नको."

"दादा, असं करू नको गा," मी म्हणालो. त्याने माझं मनगट धरलं आणि अंगठा त्या अक्षरांवर घासायला लावला. जोरात घासला. अक्षरं काही पुसली गेली नाहीत. मग तो रडला. मी त्याला रडताना कधीच पाहिलं नव्हतं.

बाटली मी वहिनीला दाखवली. तिने पदर त्या अक्षरांवरून फिरवला. मग म्हणाली, "नाही न्यायचं मंग ऑपरेशनले. आपण काहून त्यायले इतकं छळून राहिलो?"

नाही नेलं. तसं करून त्याला शांतता मिळाली असती तर बरं झालं असतं. पण दुखणं थांबलं नाही. उन्हाळाभर तो कूलरसमोर भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. चेहऱ्यावरची जखम उघडी पडली, वास यायचा, नातेवाईक दारातूनच परत जायचे. आपण केलं ते बरोबर की चूक, हे मी त्याला विचारू शकत नव्हतो आणि तो आता पाटीही हातात घेत नव्हता. पहिला पाऊस पडायच्या आतच तो गेला.

आता दुपारी वहिनी दुकानात येऊन बसते. घरी आवाज नसतो, म्हणते. इथे निदान मशीनचा असतो. मी बाटल्या लावतो, ती त्या कागदात गुंडाळते. गिऱ्हाईक आलं की आम्ही दोघं एकमेकांकडे पाहतो, आधी कोण बोलणार म्हणून.