शेठजींनी दिलेले पाळणे

शेठजी पाळणे पाहायला येताहेत असा निरोप आला आणि माझी धांदल उडाली. सोबत मुंबईच्या कंपनीचा एजंट साहेबही होता.

मी तेव्हा अमरावतीला शेठजींच्या कापसाच्या वखारीत मुकादम होतो. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली, म्हणून इकडे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आलेले. चरखीवर सरकी काढायला बाया पुरत नसत. तान्ही लेकरं असलेल्या बायांनाही कामावर येता यावं म्हणून शेठजींनी धर्मादाय म्हणून वखारीच्या पडवीत पाळणे बांधले आणि सोनाबाई नावाची म्हातारी ठेवली. बारा लेकरं आणि ही एकटी.

"सोनाबाई, आज एकबी लेकरू रडलं नाई पायजे," मी बजावलं.

"मुकादम, मी एकटी कोणाकोणाले पाहू?"

"थे मले सांगू नको. निजवून ठेव."

निजवायचा उपाय सगळ्यांना ठाऊक होता. मोहरीएवढी अफू बोटानं चाटवायची. घरोघरी देत, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. सोनाबाईनं घाईत सगळ्यांना दिली. काही आया घरूनच देऊन येत. आज घरून कुणी दिली, हे तिनं विचारलं नाही आणि मीही नाही.

"व्हेरी गुड," निजलेली लेकरं पाहून साहेब म्हणाला. शेठजींनी माझी पाठ थोपटली. मी फुगलो, खोटं कशाला सांगू?

दुपारी चरखीवरची काशी आपल्या लेकराला पाजायला आली. ते काही केल्या डोळे उघडेना. वैद्य आला, बराच वेळ नाडी धरून बसला आणि मग हात सोडला.

"सकाळी म्याच चाटवली," काशी म्हणत राहिली. "माह्याच हातानं गेलं वो!"

सोनाबाई माझ्याकडे पाहत होती. मी मान वळवून वखारीत निघून गेलो.

संध्याकाळी काशीच्या झोपडीवर गेलो. "बाई, दुसऱ्यांदा सोनाबाईनं देली. माह्या हुकमानं देली." ती झोळीची गाठ सोडत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सकाळी शेठजींना सगळं सांगितलं आणि सोनाबाईच्या जोडीला दोन बाया मागितल्या.

"ठेव ना," ते लगेच म्हणाले. "आधी काहून नाई सांगतलं?"

दान देणाऱ्याला निजलेली लेकरं दाखवू नयेत, रडणारी दाखवावीत. एवढं शिकायला मला काशीचं लेकरू लागलं.