आर्वी एक्सप्रेसची दुसरी कॅसेट

त्या दिवशी प्रकाशदादानं गिटारची वायर लावलीच नाही.

एवढीच गोष्ट. पण मी हातातली खंजिरी खाली ठेवली. आमचा बँड 'आर्वी एक्सप्रेस', आणि प्रॅक्टिसला आल्यावर दादाचं पहिलं काम म्हणजे ॲम्प्लिफायर चालू करून एक 'ढँऽऽग' काढणं. तो आवाज आला की शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं ओढायची आणि मी दचकायचे. दोघींनाही सवय कधी झाली नाही. आणि आज हा मुकाट्यानं मांडीवर गिटार घेऊन नुसतंच टुणटुण करतोय!

"दादा, कोणी गेलं का?" मी विचारलं.

"नाई वं. स्टाइल बदलवून राह्यलो."

बँडचे किस्से म्हणजे गिटारच्या खोक्यात पडलेल्या तुटक्या तारा. कोणी जपून ठेवत नाही, कोणी फेकतही नाही, आणि एक ओढायला जावं तर सगळं वेटोळंच हातात येतं. आमच्या दुसऱ्या कॅसेटचं वेटोळं तर जरा जास्तच मोठं आहे.

बँडमध्ये आम्ही तिघंच. दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, गिटारवर आणि मुख्य गळा. ड्रमवर नाना, जो एरवी लग्नाच्या बँडमध्ये ढोल बडवायचा. आणि मी, बी. ए. झालेली, मागे उभी राहून खंजिरी हलवत 'ओ ओ' करणारी. पुढे या असं मला कोणी म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं असतं तर मी घरीच पळाले असते.

* * *

पहिल्या कॅसेटचं नाव होतं 'गडगडाट'. सगळी गाणी रॉक. दादाच्या हिशेबानं रॉक म्हणजे जे जोरात सुरू होतं आणि त्याहून जोरात संपतं.

एसटी स्टँडवरचे चहावाले गुलाबभाऊ ती कॅसेट रोज लावायचे. दादाची छाती फुगली. एक दिवस मला सोबत घेऊन तो मुद्दाम आभार मानायला गेला.

"भाऊ, आर्वीत तुमच्यासारखा रसिक नाई."

"रसिक-गिसिक काई नाई बाप्पा," गुलाबभाऊ गाळणं झटकत म्हणाले, "लोकं एक कप चाय घेते अन् घंटाभर बाकड्यावर बसून राह्यते. तुही कॅसेट लावली का दोन मिन्टात बाकडं खाली!"

* * *

घरची तऱ्हा वेगळी. मी टेपरेकॉर्डर लावला की आई उठून बाहेर जायची. माझी आई शेतात राबणारी, बोलणं मोजकंच. माझ्या गाण्याबद्दल तर चांगला नाही, वाईट नाही, शब्दच नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला निवांत झोप तरी लागली असती! मला फार नको होतं हो. तिनं एकदा, एकच गाणं, बसून ऐकावं, बस्स.

एकदा ती उठलीच तेव्हा मी धीर करून विचारलं, "आई, कसं वाटलं?"

"काय?"

"गाणं!"

"अवो माय! गाणं होतं का ते?" तिच्या हातात डबा होता. "मले वाटलं चक्की चालू झाली. मी तं दळण घेऊन निघाली!"

* * *

नानाचा हात वरातीत घडलेला. गाणं कितीही विलायती वळणानं सुरू होवो, जरा वेळानं त्यात नवरदेव घोड्यावर चढलेला असायचा.

"नाना, अबे रॉक आहे हा! वरात नाई!" दादा ओरडायचा.

"वरातीत लोकं नाचते तरी," नाना शांतपणे म्हणायचा. "तुह्या रॉकमधी कोण नाचते, सांग बरं?"

दादानं ते मनाला लावून घेतलं. कॉलेजच्या गॅदरिंगला त्यानं स्टेजवर गुडघ्यावर बसून, पाठीवर लोळून गिटार वाजवली. पोरंपोरी हाताची घडी घालून बघत राहिली. एकच जण नाचला. मांडवाबाहेर, कडुलिंबाला बांधलेला लग्नाचा घोडा.

"पाह्य," नाना म्हणाला, "वळखलं त्यानं मले!"

* * *

आता दादानं वायर का लावली नाही, ते. त्याच्या आदल्याच दिवशी आमचा कारंज्याला कार्यक्रम होता, हायवेला लागून असलेल्या मैदानात, संध्याकाळचा. समोर शेतकरी, पोट्टे, धाब्यावरून उठून आलेले ट्रकवाले. दुसऱ्याच गाण्यात लाइन गेली. गिटार गप्प, माइक गप्प, डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार.

मी घाबरले की गप्प बसत नाही, ही लहानपणापासूनची खोड. आई कपाशी वेचायला जायची तेव्हा मला बांधावर बसवायची आणि वेचत वेचत तासातासानं, म्हणजे ओळीओळीनं, लांब जायची. कपाशी माझ्या डोक्याच्या वर. आई दिसेनाशी झाली की मी हाक मारायचे, "माऽऽय वंऽऽ!" तेव्हा मी तिला मायच म्हणायचे. दोन-तीनदा हाक मारली की हाकेला आपोआप चाल लागायची. मग पलीकडून, त्याच चालीत, आईचं उत्तर यायचं, "इथंच आहो नं वंऽऽ! काऊन बोंबलून राह्यलीऽऽ!" की माझा जीव भांड्यात.

कारंज्याच्या अंधारात माझ्या तोंडून तीच हाक निघाली. एकदा, दोनदा, मग थांबताच येईना. नानानं बोटांनी हळूच ठेका धरला. लाइट आले तर लोक जागेवर बसलेले, आणि टाळ्या! आमच्या कार्यक्रमात बाकडी भरलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

एक सरदारजी ट्रकवाले दादाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "उस्ताद, बिजली बंद ही रखा करो!"

* * *

नव्या कॅसेटच्या रेकॉर्डिंगला नागपूरहून मशीन घेऊन तिवारीजी आले. त्यांची एकच अट, बाहेरचा आवाज आत यायला नको. दादाच्या मित्राच्या जिनिंगचं गोडाऊन होतं, रुईच्या गाठी भिंतीसारख्या रचलेल्या. त्यात बसलो. बाहेरचा आवाज खरंच आत आला नाही. पण आतलाही शिल्लक राहीना! गाठी सगळं पिऊन टाकायच्या. दादा 'वन टू थ्री' म्हणायचा आणि मला फक्त ओठ हललेले दिसायचे. मी बहिरी झाले, या भीतीनं मी स्वतःलाच दोन-तीनदा हाक मारून पाहिली.

तिसऱ्या गाण्यात रुईचा तंतू तिवारीजींच्या नाकात गेला. कॅसेटमध्ये ती शिंक अजून आहे. दादा म्हणाला, परत घेऊ. तिवारीजींनी साफ नकार दिला. "क्यों? ताल में छींका हूँ, गिन लो!"

नानानं मोजलं. तालातच होती.

* * *

कॅसेटचं पहिलं गाणं म्हणजे माझी ती हाक. पण उत्तर कोण देणार? दादाचा आवाज बैल डुरकल्यासारखा. नानानं बायकी आवाज काढून पाहिला, तर तिवारीजींनी मशीन बंद केलं. "भैया, ये माँ है या मुर्गी?"

"काकूलेच विचार," दादा मला म्हणाला.

आई भाकरी थापत होती. मी सगळं समजावून सांगितलं. ती भाकरी उलटून म्हणाली, "तू कपाशीआड दिसत नव्हती, म्हून वरडत होती मी. आता कायले वरडू? आता तं तू समोर उभी आहे!"

मी परत गोडाऊनवर आले.

शेवटी दादानं उत्तराची जागा कोरीच ठेवली. माझी हाक, मग नुसता डफ, नानानं ड्रम सोडून हाती घेतलेला, मग पुन्हा हाक. तिवारीजी चष्मा पुसत म्हणाले, "यहाँ कुछ छूट गया है।"

"छूटा नहीं तिवारीजी," दादा म्हणाला, "छोडा है!"

* * *

नव्या कॅसेटचा पहिला कार्यक्रम आर्वीलाच, मार्केटच्या शेडमध्ये, दुपारी. सकाळी मी आईला विचारलं, "येशील?"

"दळण आणाले जाणं आहे मले."

शेड भरली होती. गुलाबभाऊ पहिल्या रांगेत. "बाकडं खाली होते का नाई, ते पाहाले आलो," म्हणाले. मागे पोट्टे आधीच ओरडत होते, "गडगडाट! गडगडाट!" दादा वायर न लावता बसला. पुढे मी. आयुष्यात पहिल्यांदा पुढे.

"माऽऽय वंऽऽ!"

नानाचा डफ. कोरी जागा.

"अबे, हे तं बंदच पडली!" मागून एक पोट्टा ओरडला. लोक हसले. गुलाबभाऊंनी वळून त्याच्याकडे डोळे वटारले.

"माऽऽय वंऽऽ!" आवाज चिरकला. पुन्हा डफ, पुन्हा काही नाही. इथून पुढे गिटार सुरू व्हायची होती. दादानं तारेवर बोट ठेवलं.

मला नाही थांबता आलं. तिसरी हाक गाण्यात नव्हतीच.

"माऽऽऽय वंऽऽऽ!"

बायकांच्या गर्दीच्याही मागे, शेडच्या पार टोकाला, 'टण्' करून डबा खाली ठेवल्याचा आवाज आला. मी दचकले. आणि मग, अगदी चालीत,

"इथंच आहो नं वंऽऽ! काऊन बोंबलून राह्यलीऽऽ!"