लास्मिनीचा वारा

आमच्या गावात वारा दोन प्रकारचा. एक शिरतो, एक सरतो. शिरलेल्या वाऱ्याने अंग मोडून येतं, कापरं भरतं. मग पाठीला तेल लावून नाण्याच्या कडेने ओरखडायचं. लालभडक पट्टे उठले की वारा निघाला. या कामात माझा हात धरणारा सबंध क्लातेन जिल्ह्यात कोणी नाही. एकदा भर बैठकीत गावप्रमुखाचा सदरा उतरवून मी त्याच्या पाठीवर असे पट्टे काढले की बैठक तिथेच आटोपली. पण ते राहू दे. सांगायचंय लास्मिनीचं, माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं.

लास्मिनी तेंपे करायची. सोयाबीन उकडायचं, पायाने तुडवून सालं काढायची, विरजण लावून केळीच्या पानात बांधायचं. तिची पुडी उघडली की आत कापसासारखी पांढरीशुभ्र वडी. महिन्यातले चार दिवस मात्र तुडवण नवरा गियार्तो करी, कारण त्या दिवसांत ती शौचाला बसली की भिंत धरून ओरडायची. चौदाव्या वर्षापासून हे असंच. आई म्हणाली, लग्न झालं की थांबेल. सासू म्हणाली, मूल झालं की थांबेल. मूल झालंच नाही. एका डॉक्टरने मूळव्याध ठरवून चार वर्षं मलम दिलं. सदतिसाव्या वर्षी योग्याकार्तातल्या एका डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं, गर्भाशयाच्या अस्तरासारखं काहीतरी आतड्याच्या भिंतीत खोल रुजलंय. दर महिन्याला तेही सुजतं. तेवढं आतडं कापून दोन्ही टोकं जोडावी लागतील.

लास्मिनी रडायलाच लागली. गियार्तो गडबडून म्हणाला, "अगं, अजून कापलंय कुठे!"

"त्याला नाही रडत. तेवीस वर्षांनी कोणीतरी म्हणालं, हिला दुखतं ते खरं आहे."

बाईंनी बजावलं होतं, सांधा कधीकधी गळतो. ताप आला, पोट कडक झालं, तर तसेच निघून या. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मोठ्या माणसासमोर आमच्या माना फार छान डोलतात.

ऑपरेशन झालं आणि जो येईल तो एकच विचारू लागला, "वारा सरला का?" नर्स विचारे, झाडूवाली विचारे, शेजारच्या खाटेवरची म्हातारी तर दर तासाला. तिसऱ्या दिवशी सरला. म्हातारीने टाळ्या वाजवल्या. गियार्तोने वॉर्डभर केळ्याची भजी वाटली. लास्मिनी उशीत तोंड खुपसून हसत होती, टाके दुखतात म्हणून पोट धरून.

सहाव्या दिवशी तिला पुतण्याच्या उघड्या पिकअपमधून घरी आणलं. आठव्या दिवशी सकाळी तिला हुडहुडी भरली. खांदा ठणकत होता, पोट ताठ.

मी म्हटलं, "उघड्या गाडीतून आणलंय, वारा शिरणारच!"

"पाकदे, हा वारा नाही." थोरल्या मामाला आम्ही पाकदे म्हणतो. "हे निराळंच दुखतंय."

"गप गं. तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून पाठी ओरखडतोय मी."

गियार्तोच्या छातीला टेकवून तिला बसवली. पट्टे जांभळे-काळे उठले. मी त्याला दाखवले, "बघ, केवढा कोंडला होता!" तो आलं आणायला बाहेर गेला, मी तिला उशीला टेकवली. तेवढ्यात चटईवरचा त्याचा फोन वाजला. इस्पितळातली नर्स होती.

"ताप वगैरे?"

"किरकोळ. अंग जरासं कोमट. तुम्ही कशाला त्रास घेता?"

"वारा निघतोय ना?"

"निघतोय तर! भरपूर निघतोय."

"छान," म्हणून तिने फोन ठेवला. वाऱ्यापुरतं तरी दोघांपैकी कोणीच खोटं बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लास्मिनी माणसं ओळखेना. पुन्हा तीच पिकअप. बाईंनी तिला कुशीवर वळवलं, पाठीवरचे पट्टे पाहिले, आणि कोणालाच काही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "सांधा कालच सुटलाय. पोटभर घाण पसरलीय."

पोट पुन्हा उघडून धुतलं. आतड्याचं तोंड पोटावर डाव्या बाजूला काढून त्याला पिशवी लावली. बावीस दिवस ती यंत्राच्या श्वासावर होती. घरी फळीवर लावलेलं तेंपे तसंच सडलं. गल्लीतले लोक नाकाला फडकं लावून जायचे, पण त्याला हात लावायची गियार्तोची हिंमत होईना.

ती वाचली. पिशवी सहा महिन्यांसाठी, म्हणाले होते. आठव्या महिन्यात तपासलं तेव्हा आत सगळं एकमेकांना चिकटून बसलेलं. आता जोडता येणार नाही, पिशवी कायमची. तुडवण तिने सोडली, बसून पुड्या बांधते. नमाजाच्या रांगेत उभी राहत नाही. पिशवीतून वारा कधी निघेल त्याचा नेम नाही, आणि वारा सरला की नमाज मोडतो. जेवणावळीत दाराजवळ बसते. कोणी म्हणालं, "पुढे ये की गं!" तर म्हणते, "नको, माझं पोट मध्येच बोलतं." बायका हसतात. ती हसत नाही.

त्या फोनबद्दल मी कोणापाशी बोललो नव्हतो.

परवा मलाच हुडहुडी भरली. लास्मिनी आली, डब्यातून नाणं काढलं, माझ्या मागे बसली, तेल लावलं. हात जड होता तिचा.

"पाकदे, वारा निघतोय?"

"निघतोय, पोरी. भरपूर."

नाणं थांबलं.

"कुठून?"

मला मान वळवता येईना.

"इस्पितळाच्या फाइलमध्ये लिहिलंय," ती म्हणाली. "आठवा दिवस. नातेवाईक सांगतात, वारा भरपूर निघतोय. गियार्तो तर तेव्हा आलं आणायला गेला होता."

तिच्या कपड्यांआड पिशवी बोलली. मग तिने नाणं पुन्हा त्याच पट्ट्यावर टेकवलं आणि खाली ओढलं.