इंदूचा सूर, माझा गळा

इंदू तोंड उघडून उभी होती आणि तिचा सूर माझ्या गळ्यातून येत होता.

मी बायकांच्या शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून बसले होते. पदर तोंडात कोंबला, तरी सूर थांबेना. दात आवळले... थांबेना. गळा आतून थरथरत होता आणि मी काहीही करत नव्हते. पुढे इंदू नुसते ओठ हलवत होती. तिनं एकदाच मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तुमच्या मासिकाच्या या सदरात लोक झाडावरच्या बायका आणि मागून येणारी पावलं लिहितात, ते वाचून मी हसते. मी चौथी शिकलेली बाई आहे, पण वेडी नाही. घडलं ते घडलं तसं सांगते.

आम्ही मांडवीला, बंदराजवळ राहायचो. साल चौतीस असेल, नाहीतर पस्तीस. वडील, म्हणजे आमचे भाऊ, पोस्टात कारकून. आई मी अकरा वर्षांची असताना गेली. चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि चूल हाती आली. इंदू माझ्याहून तीन वर्षांनी धाकटी. तिची शाळा सुटली नाही, वर गाणं शिकवायला बुवा ठेवले. आवाजच तसा होता तिचा... बारीक, उंच आणि सरळ. इतर मुली जिथे किंचाळायच्या, तिथे ही सहज जाऊन उभी राहायची. माझा आवाज फुटक्या मडक्यासारखा. माझं लग्न मात्र दरवर्षी पुढे जायचं, कारण मी गेले तर भाऊंना आणि इंदूला जेवायला कोण घालणार?

तेव्हा नव्या तऱ्हेची गाणी निघाली होती. शब्द साधे, चाली कधी न ऐकलेल्या, साथीला व्हायोलिन. गावातले म्हातारे म्हणायचे, "हे भजन नव्हे, नाटकातलं पद नव्हे, मग आहे तरी काय?" इंदूला तीच गाणी हवी असायची. असल्या चाली बांधणारे मुंबईचे एक मास्तर मांडवीला एका व्यापाऱ्याकडे उतरले होते. शनिवारी दुपारी चारला त्या व्यापाऱ्याच्याच ओटीवर इंदूचं गाणं ठरलं. पसंत पडली तर मंगळवारच्या बोटीनं मुंबईला, रेकॉर्ड करायला.

गाण्याला जायच्या आधी इंदूची दृष्ट काढायची, हा आईचा नियम. आईनंतर ते काम माझं. मूठभर मीठ, मोहरी, सात सुक्या मिरच्या तिच्यावरून ओवाळायच्या आणि चुलीत टाकायच्या.

"अक्का, लवकर काढ गो. मास्तर ओटीवर येऊन बसले असतील."

"बस खाली. राणीसाहेबांसाठी थांबतील लोक."

मी ओवाळलं. म्हणायचे शब्द म्हटले नाहीत, नुसते ओठ हलवले. मनात म्हटलं, हिचा आवाज मला मिळू दे. आणि मीठ-मिरच्या चुलीत न टाकता पदराच्या गाठीत बांधल्या. का केलं? जळत होते म्हणून केलं. दुसरं कारण नाही.

मग ते झालं, जे सुरुवातीला लिहिलं. गाणं संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या... इंदूसाठी. मास्तर म्हणाले, "हा गळा माझ्या चालींसाठीच जन्माला आलाय. मंगळवारी निघू."

शेजारच्या पमाकाकू माझ्याकडे टक लावून बघत होत्या. "यशे, तू गात होतीस?"

"मी? काकू, मी गायले तर म्हैस दूध चोरेल."

त्या हसल्या, पण जरा सरकून बसल्या.

रविवारी मी परसातल्या विहिरीवर गेले. आजूबाजूला कुणी नाही बघून तोंड उघडलं. तेच फुटकं मडकं! दोनदा, तीनदा केलं. काही नाही. दुपारी इंदू बाहेरच्या खोलीत तंबोरा घेऊन बसली आणि मी भाकरी थापत असताना माझा गळा आपला गाऊ लागला. म्हणजे तिनं तोंड उघडलं, तरच सूर माझ्यात यायचा. तिच्यावाचून तो मला मिळत नव्हता. ओटीवरून भाऊंनी दाद दिली, "वा, इंदू!"

पीठ लागलेल्या हातांनी मी गळा धरला. माझ्या गळ्यातून निघालं होतं आणि 'वा, इंदू'!

सोमवारी सकाळी ती स्वयंपाकघरात आली.

"अक्का, मिरच्या चुलीत टाकल्यास?"

मी चुलीत फुंकर घातली. तिनं माझ्या पदराच्या गाठीकडे बघितलं. मला वाटलं, रडेल, पाया पडेल. ती चुलीपुढे बसली आणि म्हणाली, "असू देत. तूही चल मुंबईला. मी पुढे उभी राहीन, तू मागे बस. तिथे कोण बघतंय? तुला दोन चांगली लुगडी घेईन."

"आणि रेकॉर्डवर नाव कुणाचं?"

"माझंच ना गो. तुला कुठे गाता येतं?"

मी गाठ सोडली. मिठाला पाणी सुटलं होतं, मिरच्या मात्र कोरड्या होत्या. सगळं निखाऱ्यावर टाकलं. दया आली म्हणून नव्हे, हे नीट वाचा. माझ्या गळ्यावर तिचं नाव लागणार होतं, ते मला सोसवलं नाही. तिचं तिला जाऊ दे, पण माझं तिला मिळायला नको, एवढाच विचार.

सात मिरच्या जळून काळ्या झाल्या. घरात ठसका नाही, साधी शिंकसुद्धा नाही. इंदूनं बसल्या जागी हळूच सूर लावला. तिचा, तिच्या तोंडातून. ती उठली आणि ट्रंक भरायला गेली.

मंगळवारी बोटीत बसताना तिनं मला एवढंच विचारलं, "अक्का, पुन्हा दृष्ट कोण काढील?"

"बघ कुणीतरी," मी म्हटलं.

सात रेकॉर्ड निघाल्या तिच्या. रेडिओवर गायली. मास्तरांच्या कठीण चाली मुंबईत तिच्याशिवाय कुणाला जमत नाहीत, असं लोक म्हणायचे. एकोणचाळीसच्या सुमारास ती गायची थांबली. का, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझं लग्न पंचविसाव्या वर्षी झालं, मांडवीतच. पलीकडच्या घरी फोनो होता. तिची पहिली रेकॉर्ड, त्या शनिवारचंच गाणं, लागली की माझा घसा दुखायचा. इतर कुणाच्या गाण्यानं नाही, तिच्या दुसऱ्या कुठल्या रेकॉर्डनंही नाही. डॉक्टरांना घसा दाखवला. ते म्हणाले, काही नाही.

मलाही कळलेलं नाही. नातवानं बरीच कारणं सांगितली, एकही पटलं नाही.

मास्तर गेले, भाऊ गेले, पमाकाकू गेल्या. इंदू जाऊनही बारा वर्षं झाली. त्या ओटीवरची आता मी एकटी आहे.